गोडाऊनातल्या सात गायिका

ज्या हॉलचा हा इतिहास आहे, तो एकूण चौदा महिने चालला. त्यातले पहिले दोन महिने तो कशासाठी चालतोय हे कोणालाच कळलं नाही. उरलेले बारा महिने ते सगळ्यांना कळलं होतं, फक्त कबूल कोणी करत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा एक कॉलेजातला मित्र गुळाच्या व्यापारातल्या घरचा. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चाले. माया कानडीत आणि भांडणं मराठीत. आईला तो अव्वा म्हणायचा आणि तिला घाबरायचा. त्यांचं एक जुनं गोडाऊन बाजार दुसरीकडे हलल्यावर रिकामं पडलं होतं. आमच्या गावाला कलानगरी म्हणतात, आणि इथल्या प्रत्येक खात्यापित्या माणसाला एका ठरावीक वयात कलेसाठी काहीतरी केलं पाहिजे असं वाटू लागतं. माझ्या मित्राला ते जरा लवकर वाटलं.

मी तेव्हा एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. पडद्याआडून निवेदन करायला आणि जाहिरातीची पत्रकं लिहायला त्यानं मला धरलं. माझी एकच अट होती: माझं नाव कुठेही येता कामा नये. आमच्या संस्थाचालकांना शिक्षकानं तंबाखू खाल्लेली चालायची, पण स्टेजवर गेलेलं चालत नसे.

हॉलचं नाव इतकं लांबलचक ठेवलं होतं की पेंटरला बोर्ड पुरला नाही. 'प्रतिष्ठान' या शब्दातलं शेवटचं 'न' त्यानं कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर काढलं. लोकांनी तो प्रश्नच मिटवला. ते 'गोडाऊन' म्हणू लागले.

उद्घाटनाला चार वक्ते होते. मुख्य पाहुण्यांनी या वास्तूतून उद्याचे स्वरसूर्य उगवतील असं सांगितलं आणि तेवढ्यात मानेवर थप्पड मारली. त्या हॉलचे खरे मालक मुंग्या होत्या. चाळीस वर्षांचा गूळ फरशीत मुरला होता. उन्हाळ्यात तो वर यायचा आणि चालताना चपला चटचट वाजायच्या, त्यामुळे उशिरा येणारा माणूस किती उशिरा आला आणि कुठे बसला हे सगळ्या हॉलला कळायचं. तबलजी वाजवायला बसण्याआधी स्वतःभोवती मुंग्यांच्या पावडरीची पांढरी रेघ ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी ते काहीतरी पूजाविधान आहे असं समजून पुढच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले.

पहिले दोन महिने शास्त्रीय गायन झालं. पुण्याहून गायक आले. श्रोत्यांत मित्राचं घर, मित्राच्या सासुरवाडीचं घर आणि झोप लागेल अशी जागा शोधणारे काही लोक. एकदा शाहूवाडीकडचा एक पाहुणा चुकून आत आला. जुन्या सवयीनं गुळाची चौकशी करायला आला होता. पण गाणं चालू असताना उठणं बरं नाही म्हणून बिचारा पूर्ण राग ऐकत बसला. टाळ्या संपल्यावर त्यानं गायकालाच विचारलं, "मग, गूळ घेताय न्हवं?" त्या दोन महिन्यांत कोणी कलाकाराला मनापासून विचारलेला तेवढा एकच प्रश्न मला आठवतो.

तिसऱ्या महिन्यात मित्र म्हणाला, "लेका, खुर्च्या बी जांभया द्यायला लागल्यात. आता गावाला पायजे ते करूया." गावाला लावणी पाहिजे होती. संध्याकाळी सहाचा खेळ आणि रविवारी दुपारचा. आठवड्याभरात खुर्च्या कमी पडल्या.

त्या गर्दीबद्दल सभ्यपणे लिहिणं अवघड आहे. दोन पेठांतल्या दोन तालमींची पोरं यायची. एक तालीम डावीकडे बसायची, दुसरी उजवीकडे. डावीकडून 'वन्स मोअर' आला की उजवीकडून 'फुडचं घ्या' यायचं. एकाच लावणीचं धृपद मी एका संध्याकाळी नऊ वेळा ऐकलंय आणि तिचा शेवट अजून ऐकलेला नाही. फेटे वर उडायचे, पत्र्याला लागून खाली यायचे आणि मग कोणाचा फेटा कोणता यावरून मारामारी व्हायची. शिट्ट्या अशा की समोरच्या पिंपळावरचे कावळे सहाच्या आधीच स्थलांतर करत. मी वाचलेल्या कुठल्याच सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात या रसाचा उल्लेख नव्हता. पण पुण्याच्या गायकासमोर जी माणसं मेल्यासारखी बसायची, ती इथे जिवंत होती, हेही मला नाकारता येत नव्हतं.

आणि मग अक्का आली.

सीमेकडच्या गावची, चाळिशी ओलांडलेली. सगळे तिला अक्काच म्हणायचे, सारंगीवाले म्हातारे आजोबासुद्धा. ती नाचायची नाही. बसून गायची. हिरवा चुडा, साधं नऊवारी, समोर पेटी. तिची पहिली संध्याकाळ मला चांगली आठवते. डावीकडच्या तालमीचा एक पैलवान उभा राहून ओरडत होता. अंगानं दरवाजाएवढा. तिनं पेटीवरचा हात काढला आणि अगदी घरातल्यासारखं म्हणाली,

"पावणं, बसा की. तुमच्या मागं चार माणसं हायती. त्यास्नी काय तुमची पाठ बघायला तिकीट काढलंय व्हय?"

हॉल फुटला. पैलवान बसला. नंतर ती गायली आणि मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मुंग्या चालल्याचा आवाज ऐकला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल; पण चपलांचा चटचटाट थांबला होता, हे खरं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकासाठी तिचं नाव विचारलं. तिनं मान हलवली.

"नाव न्हाय घालायचं सर. फोटू बी न्हाय."

"का?"

"पोरगी हॉस्टेलवर हाय. डी.एड. करत्या. तिथं सांगितलंय, आई कबनूरला मागावर कांड्या भरत्या म्हणून." यंत्रमागावर कांड्या भरणं हे त्या भागात हजारो बायकांचं काम, संशय येण्यासारखं त्यात काही नव्हतं. "तिचं शिक्षण हुईस्तोवर मी कांडीवालीच हाय. काय?"

माझी आणि तिची अट एकच होती. मला वाटतं, आमची मैत्री तिथून सुरू झाली.

नाव घालायचं नाही म्हटल्यावर पत्रकावर काहीतरी घालावं लागणारच. मी 'सीमाभागाची शारदा' असं घातलं. आता यात माझा खोडसाळपणा होता, तो कबूल करतो. त्या काळात गावात चौकाचौकात सत्काराचे फलक लागायचे. दूधसंस्थेचा संचालक 'क्षीरसागराचा राजहंस' व्हायचा आणि वॉर्डातला पुढारी 'विकासाचा सूर्य'. मला त्या पदव्यांची टिंगल करायची होती, आणि माझ्या हातात फुकटचा छापखाना आला होता. पुढच्या महिन्याला मी तिला 'दक्षिणेची मैना' केलं. मग 'पंचगंगेकाठची वीज'. मग 'लावणीची लखलखती तलवार'. गुलाबी, पिवळ्या, पोपटी पतंगी कागदावर ही पत्रकं छापून सायकलवरून वाटली जायची.

झालं असं की लोकांना खरंच वाटलं, दर महिन्याला नवी बाई येते. 'घायाळ करणारी नागीण' या पत्रकाच्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावरून दुकानं बंद करून माणसं आली होती. पडदा वर गेला. समोर तीच पेटी, तोच चुडा, तीच अक्का. मग डावीकडून तो दरवाजाएवढा पैलवान ओरडला,

"आयला, परत तीच की!"

आणि अक्का कमरेत वाकून म्हणाली, "व्हय. परत मीच."

त्या दिवसापासून तो रिवाज पडला. मी निवेदनात नवी पदवी जितक्या गंभीरपणे सांगता येईल तितक्या गंभीरपणे सांगायची, पडदा वर जायचा, दोन्ही तालमी वैर विसरून एका आवाजात 'परत तीच की!' ओरडायच्या आणि ती 'व्हय, परत मीच' म्हणायची. मग गाणं. गावोगावचे पाहुणे खास ते ओरडायला यायचे. गाण्याइतकंच त्याचं महत्त्व झालं. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. पदव्यांची टिंगल मी करत होतो आणि चारपाचशे माणसं ती समजून हसत होती. वर्गात चाळीस मुलांना मी तेवढंही समजावू शकलो नव्हतो.

अक्का एकदा म्हणाली होती, "सर, किती बायका करताय माझ्या? एकीला तरी जरा जाडी कमी घाला." तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

फोटो मात्र एक निघाला. हॉलला वर्ष झालं त्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यानं न सांगता काढला. स्टेजवर पेटीशी अक्का आणि शेजारी पांढऱ्या कपड्यांत माझा मित्र, हातात गुलाब. ती आधी त्याच्यावर खेकसली, मग म्हणाली, "एकच काढ. आणि मला दे." तिनं तो नेला.

चौदाव्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी गेलो तर दाराला कुलूप होतं. पायरीवर अक्का, सारंगीवाले आजोबा आणि तबलजी बसले होते. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. राखणदार म्हणाला, "मालक गावाला गेल्यात. हॉल बंद केलाय." आतल्या बोळात मालकाची स्कूटर उभी होती. आम्हा चौघांनाही ती दिसत होती, राखणदाराला ती दिसत नव्हती.

कारण नंतर कळलं. मित्राला एका संस्थेच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं आणि पॅनेलच्या प्रमुखांनी सांगितलं होतं, आधी ते बायांचं थेटर बंद कर. त्यानं मला सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं रंकाळ्यावर भेळ खात बसलो होतो, तेव्हाही नाही. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. मला वाद नको हुता." मला ते तेव्हा जवळजवळ पटलं. अक्कानं त्या दुपारी पायरीवर डबा उघडला, आम्हाला भाकरी वाढली आणि एवढंच म्हणाली, "सांगितलं असतं तर भाकरी कमी केल्या असत्या की."

नंतरची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मित्र निवडून आला. गोडाऊन पाडून त्याच जागी मंगल कार्यालय उभं राहिलं आणि फरशी बदलल्यामुळे मुंग्या बेघर झाल्या. मी आमच्या शाळेत पुढे सरकत राहिलो. नव्या शतकातली सात-आठ वर्षं गेली आणि मी मुख्याध्यापक व्हायच्या बेतात असताना एका संध्याकाळी अक्का माझ्या दारात उभी राहिली. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

पोरगी शिक्षिका झाली होती, लग्न होऊन लांब गेली होती. हॉलनंतर आवाज दोन-तीन वर्षं टिकला, मग बसला. आणि मग अक्का खरंच कबनूरला कांड्या भरायला लागली. "खोटं बोललेलं देवानं खरं केलं बघा," ती म्हणाली. आता डोळ्यांना धागा दिसत नव्हता. कोणीतरी सांगितलं होतं, म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं. फॉर्म होता. फॉर्मला पुरावा लागत होता की ही बाई कलावंत होती.

तिनं डबा उघडला. आत माझी पत्रकं होती. आठ. घड्या इस्त्री केल्यासारख्या सरळ.

"घेऊन गेलतो की हापिसात," ती म्हणाली. "क्लार्कनं सगळी टेबलावर मांडली. म्हणतोय, बाई, ह्यातल्या तुमी कोण? म्हटलं, सगळ्या मीच. म्हणतोय, मग ही शारदा कोण? मीच. ही मैना? मीच. ही तलवार? ती बी मीच. त्यानं शेजारच्याला बोलावलं. म्हणला, ऐक रे, ह्या बाई नागीण हायत म्हणं."

ती हसली. मला हसता आलं नाही. आठही पत्रकांवर कुठे तिचं नाव नव्हतं, आणि आठही माझ्या लेखणीतून आली होती. एकच पदवी वर्षभर ठेवली असती तरी कदाचित निभावलं असतं. 'सीमाभागाची शारदा म्हणजे मी' हे कोणालाही पटवता येतं. आठ जणी म्हणजे मीच, हे वेड्याचं बोलणं वाटतं. मी दुसऱ्यांच्या थाटामाटाची चेष्टा करत होतो आणि खर्ची पडत होती ती.

क्लार्कनं वाट दाखवली होती: संस्थेचं पत्र आणा, नाहीतर संस्थेनं छापलेलं काहीतरी आणा, ज्यात नाव आणि फोटो असेल.

"आता घाला नाव सर," अक्का म्हणाली. "पोरीला सगळं सांगितलंय. तिनंच म्हटलंय, घाल म्हणून."

आणि योगायोग असा की त्याच महिन्यात माझ्या मित्राला स्मरणिका काढायची होती. आता तो अध्यक्ष झाला होता, कशाकशाचा हे त्याच्या लेटरहेडवर सविस्तर असायचं. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक 'सांस्कृतिक विभाग' होता आणि त्याची दशकपूर्ती साजरी होणार होती. दशक गोडाऊनपासून मोजलं होतं. मधली आठेक वर्षं काही झालं नव्हतं हे अभ्यासकांनी समजून घ्यायचं होतं. इतिहासाचा लेख मी लिहावा असं त्याचं म्हणणं होतं.

मी अट घातली: अक्काचं एक पूर्ण पान, नाव, गाव आणि फोटोसकट, आणि संस्थेचं एक पत्र. कशासाठी हवंय तेही सांगितलं. त्याचा चेहरा खरोखर पडला.

"अक्का कांड्या भरत्या? आपली अक्का?" भिंतीवर अव्वाचा हार घातलेला फोटो होता. त्याला हात लावून तो म्हणाला, "अव्वाची शपथ, पयलं पान तिचं. पत्र बी देतो. तू काळजी करू नगंस."

मी नाही केली. अक्काचा तो एकुलता एक फोटो आणि डब्यातली आठ पत्रकं मी त्याच्या हातात दिली. स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. दुसरी प्रत नव्हती. तिनं फोटो माझ्या हातात देताना पदरानं पुसला होता. मी त्याच्या हातात देताना पुसला नाही.

लेख मी मन लावून लिहिला. मुंग्या, तालमी, गुळाची चौकशी करणारा पाहुणा, कुलूपसुद्धा. अक्काच्या पानाची सुरुवात अशी होती: 'या हॉलने आठ थोर गायिका पाहिल्या, आणि त्या आठही एकच बाई होत्या.' पुढे तिचं पूर्ण नाव. मला ते वाक्य आवडलं होतं. अजून आवडतं.

प्रकाशन समारंभ संध्याकाळी मंगल कार्यालयातच होता. लग्नात नवरा-नवरी बसतात त्या सोनेरी सिंहासनांवर प्रमुख पाहुणे आणि अध्यक्ष बसले होते. दोघांना फेटे. मी तिसऱ्या रांगेत, 'निमंत्रित' अशी चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर. अक्का मागे, भिंतीला लागून. नवी साडी नेसून आली होती आणि हिरवा चुडा भरला होता. जुन्या तालमींपैकी कोणीही नव्हतं. त्यांना बोलावलंच नव्हतं.

स्मरणिका हातात आली तेव्हा मी आधी तिचं पान शोधलं. नव्हतं. लेख होता, पण लेखक म्हणून अध्यक्षांचं नाव होतं. मुंग्या नव्हत्या, तालमी नव्हत्या, कुलूप नव्हतं. पुण्याच्या गायकांच्या मैफलींना रसिकांची अलोट गर्दी झाली होती. फोटो होता. पांढऱ्या कपड्यांतले अध्यक्ष, हातात गुलाब, आणि डाव्या कडेला पेटीची चार बोटं रुंदीची पट्टी, तिच्यावर एक हिरवा चुडा भरलेला हात. बाकीची बाई कापली होती. खाली छापलं होतं, 'संगीतसेवेत रमलेले मा. अध्यक्ष'.

आणि माझं वाक्य होतं. 'या वास्तूने सात थोर गायिका पाहिल्या.' तिथे पूर्णविराम. त्याखाली यादी: सीमाभागाची शारदा, दक्षिणेची मैना, पंचगंगेकाठची वीज, अशा सात. नागीण सभ्य स्मरणिकेत बसत नसल्यामुळे गाळली होती. मी ज्यांची चेष्टा म्हणून पदव्या बनवल्या होत्या, त्यांनी त्या खऱ्या करून स्वतःच्या संस्थेला लावून घेतल्या होत्या.

मी अजून ते पान बघत होतो, तेवढ्यात निवेदिकेनं माईकवरून ती यादीच वाचायला घेतली. तरुण, चांगल्या आवाजाची मुलगी. तिचा काही दोष नव्हता. प्रत्येक नावानंतर ती टाळ्यांसाठी थांबत होती.

"सीमाभागाची शारदा."

टाळ्या. मी मागे वळून पाहिलं. अक्का स्टेजकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. त्या हॉलमध्ये त्या घोषणेनंतर काय ओरडायचं असतं हे माहीत असलेली तीनच माणसं होती. त्यातला एक सिंहासनावर होता आणि एक तिसऱ्या रांगेत.

"दक्षिणेची मैना."

ओरडायचे तीनच शब्द होते. माझ्या पलीकडच्या खुर्चीवर आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव बसले होते आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. वीज झाली, तलवार झाली. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, पुढच्या नावाला ओरडू. सात नावं संपली. मी सातव्या नावाला टाळ्या वाजवल्या, हे मला लिहून ठेवलं पाहिजे.

कार्यक्रमानंतर मी मित्राला गाठलं. चहाचा कप हातात, फेटा अजून डोक्यावर.

"फोटो कुठाय?"

"डीटीपीवाल्याकडं असंल की."

"तिचं पान?"

"हे बघ," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून कानडीतल्यासारख्या मऊ आवाजात म्हणाला, "आता इथं लग्नं हुत्यात. चांगल्या घरची माणसं येत्यात. हितं पयलं काय चालत हुतं हे छापून मी आपल्या हातानं दगड मारून घिऊ? आन तुझं नाव तुझ्याच भल्यासाठी काढलं. हेडमास्तर हुणार हाईस न्हवं?"

"अव्वाची शपथ घेतली होतीस."

"अव्वाला बी लावणी आवडत न्हवती," तो म्हणाला. "आन तुला एवढं वाटतंय तर तू दे की लिहून. तू लिहिलीस पत्रकं. आत्ता मघाशी तरी काय बोललास तू?"

त्याला माझा गप्पपणा दिसला होता. वरून, सिंहासनावरून, सगळं नीट दिसतं.

अक्का बाहेर चपला शोधत होती. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "सर, सात डाव वाट बघितली मी." आणि चपला घालून कबनूरच्या गाडीला गेली.

मी पत्र लिहून दिलं. ती पत्रकं मी लिहिली, त्यातल्या सगळ्या पदव्या एकाच बाईच्या, त्या बाई ह्या. सही केली. मुख्याध्यापकाचा शिक्का मारायला आणखी तीन आठवडे लागले, कारण बढती व्हायला तेवढे लागले. मानधनाच्या कार्यालयानं सगळं नियमानं केलं. मित्राच्या संस्थेकडे विचारणा पाठवली आणि संस्थेनं उत्तरादाखल स्मरणिकेची एक प्रत पाठवली. अक्काला कळवलं गेलं की संस्थेच्या अधिकृत स्मरणिकेत अर्जदाराचा उल्लेख आढळत नाही. ज्या स्मरणिकेसाठी मी तिला थांबवून ठेवलं होतं, तीच तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. फोटो आणि पत्रकं परत आली नाहीत. डीटीपीवाला बदलला होता.

मित्र दर हंगामात माझ्या घरी गुळाची एक ढेप पाठवतो. पहिल्या वर्षी मी ती परत केली, दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. आता अंगणात ठेवतो. दोन दिवसांत मुंग्या येतात. त्या तेवढ्या जुन्या ओळखीच्या वाटतात.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी कबनूरला गेलो. एका खोलीत राहते. शेजारच्या मागांचा खडखडाट इतका, की दोघांनाही ओरडून बोलावं लागलं. मी म्हटलं, लिहितोय, या वेळी तुझं नाव घालतो, पूर्ण, पहिल्याच ओळीत. मालकाचंही घालतो.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"कशाला?" ती म्हणाली. "फॉर्म गेला. आता नात त्याच शाळेत जात्या, पोरगी शिकवत्या तितं. राहू दे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तवा हवं हुतं."

म्हणून यात तिचं नाव नाही. आणि मालकाचंही घातलेलं नाही. तिला कापून टाकलेल्या पानावर तो एकटा दिसावा, हे एकदा झालं तेवढं पुरे.